प्लेअर दर सेशनला भलतीकडेच जातात: बिघाड नेमका कुठे आहे आणि दुरुस्ती कशी करायची

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) सारख्या रोलप्लेइंग खेळात प्रत्येक प्लेअर एक पात्र चालवतो, आणि बाकीचं जग मांडतो तो जीएम, म्हणजे गेम मास्टर. त्या जीएमची तक्रार साधारण अशी असते. आठवडाभर बसून तळघराचा नकाशा काढला, पहारेकऱ्यांचे आकडे लिहिले, खलनायकाचं भाषण पाठ केलं. रविवारी सेशन सुरू होऊन जरा वेळ होतो न होतो तोच कुणीतरी म्हणतं, "तळघर राहू दे रे, हा चहावाला मला काहीतरी लपवतोय असं वाटतंय." पुढचे अडीच तास पार्टी, म्हणजे प्लेअरच्या पात्रांची टोळी, चहावाल्याच्या मागे. चहावाल्याला तुम्ही नावसुद्धा दिलेलं नव्हतं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, चहावाल्याच्या जागी आता एक बकरी.

मुंबईत हे जास्त लागतं, कारण इथे एक सेशन जमवणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्याइतकं अवघड. एक जण विरारहून येणार, एक डोंबिवलीहून, रविवारी मेगाब्लॉक, तिसऱ्याच्या घरी पाहुणे. महिन्यातून कसाबसा एक दिवस हाती लागतो, म्हणून जीएम त्या एका दिवसात सगळं कोंबतो. आणि जितकं जास्त कोंबलं तितकं जास्त मोडतं.

आधी बघा, बिघाड आहे का

टेबलावर लोक हसतायत, पुढे वाकून बोलतायत, मोबाइल पालथे पडलेत, आणि तुम्ही एकटेच मनात हळहळताय की तळघर राहिलं? मग दुरुस्त करण्यासारखं काही नाही. नकाशा ठेवून द्या, दोन महिन्यांनी दुसऱ्या गावाखाली तेच तळघर निघेल. कुणाला कळणार आहे?

खरा बिघाड वेगळा दिसतो. पार्टी भरकटते आणि भरकटल्यावर तिलाही मजा येत नाही. "आता आपण नक्की काय करतोय?" हा प्रश्न दर अर्ध्या तासाला येतो. दोघं एकीकडे ओढतात, दोघं चिप्स खात बसतात. किंवा तुम्ही इतके वैतागता की पार्टीला ओढत परत आणता, आणि मग ते तुमच्याकडे बघून फासे टाकतात, खेळाकडे बघून नाही. असं होत असेल तर पुढे वाचा.

वहीत "पार्टी" हा शब्द शोधा

ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि बहुतेक दुखणं इथेच सापडतं. तयारीची वही उघडा. ज्या वाक्याचा कर्ता "पार्टी" किंवा "प्लेअर" आहे, ते प्रत्येक वाक्य अधोरेखित करा. "पार्टी सरदाराला भेटते." "पार्टीला त्याचा संशय येतो." "पार्टी रात्री वाड्यात शिरते." ही वाक्यं तुमची नाहीतच. ती समोरच्या चौघांनी बोलायची होती, तुम्ही आधीच बोलून ठेवलीत.

हिशोब करून बघा. एका सेशनच्या वहीत अशी सहा वाक्यं एकापुढे एक लागलीत, पहिलं झालं तरच दुसरं. दर वेळी प्लेअर तुमच्या मनासारखं करतील याची शक्यता दिलदारपणे ८० टक्के धरा. सहाही जुळण्याची शक्यता किती? ०.८ चा सहावा घात, म्हणजे साधारण २६ टक्के. प्लेअर कितीही गुणी असले तरी चारातली तीन सेशनं मोडणारच. यात कुणाचा खोडसाळपणा नाही, साधा गुणाकार आहे.

दुरुस्ती म्हणजे कर्ता बदलणं. "पार्टी सरदाराला भेटते" खोडा आणि लिहा: "सरदाराला अमावास्येच्या आत पत्र हवंय. त्याने दोन माणसं पेरलीत, एक नाक्यावर, एक खानावळीत. पत्र नाही मिळालं तर तो धर्मशाळा पेटवेल." आता पार्टी सरदाराला भेटो, टाळो, त्याची घोडी चोरो, नाहीतर त्याच्याचकडे चाकरीला लागो, तुमच्या वहीतलं एकही वाक्य खोटं पडत नाही. सरदाराला पत्र हवंच आहे. कथानक नको, परिस्थिती तयार करा, हे अमेरिकन लेखक जस्टिन अलेक्झांडर वर्षानुवर्षं सांगत आलेत. पटतं सगळ्यांना, पण वही उघडली की हात पुन्हा कथानकच लिहायला लागतो. म्हणून अधोरेखित करायचं ते पेनाने, मनातल्या मनात नाही.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

वन-शॉट, म्हणजे एकाच सेशनमध्ये संपणारा खेळ, घेऊ. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. "फोर्ट स्टिकीन" हे मालवाहू जहाज दोन दिवसांपूर्वी कराचीहून येऊन धक्क्याला लागलंय. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या १२४ विटा. दुपारी धूर दिसतो. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. स्फोट इतके जोराचे की सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली.

(हा खेळ मांडण्याआधी टेबलाला विचारा. मुंबईत अशी घरं आहेत जिथे आजोबा त्या दिवशी गोदीत होते. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्या दिवशी गेलेल्या बंबवाल्यांच्या स्मरणार्थ. "काय दाखवायचं नाही" हे आधी ठरवलं की पुढे मोकळेपणाने खेळता येतं. कुणी नको म्हणालं, तर हाच आराखडा काल्पनिक बंदरात न्या.)

प्लेअर आहेत गोदीतला एक मुकादम, जीआयपी रेल्वेचा कारकून, जे. जे. हॉस्पिटलमधली नर्स आणि एक तांडेल. मोडणारा प्लॅन असा दिसतो: पार्टीला धूर दिसतो, पार्टी जहाजावर चढते, पार्टीला सोनं सापडतं, पार्टी ठरवते की सोनं वाचवायचं की माणसं. शेवटचा प्रसंग सुरेख आहे, कबूल. पण तिथवर पोचायला मधले तीन जिने चढावे लागतात. टेबलावर काय होतं ते बघा.

"मुकादम म्हणून मला माहितीये ना आत काय आहे?"

"हो, थोडंफार."

"मग मी आजची रोजंदारी घेतो आणि निघतो. मस्जिद बंदरवरून गाडी पकडून सरळ ठाणे."

"मीपण," नर्स म्हणते. "माझी ड्यूटी संपलीये."

आणि त्यांचं काय चुकलं? पेटत्या दारूगोळ्याच्या जहाजावर कोण शहाणा चढेल?

आता हाच खेळ परिस्थिती म्हणून लिहा. गंमत अशी की त्या दुपारचा इतिहास स्वतःच परिस्थिती आहे. गोदीवर खरोखरच मतभेद होते: जहाज जागच्या जागी बुडवायचं, की बंदराबाहेर ओढून न्यायचं, की नुसतं पाणी मारत राहायचं. ठाम निर्णय कुणीच घेतला नाही आणि घड्याळ पुढे सरकत राहिलं. तुम्हाला फक्त तीन माणसं लिहायची आहेत. दारूगोळ्याचा अधिकारी, त्याला जहाज बुडवायचंय. गोदीचा साहेब, त्याला ते बाहेर न्यायचंय. बंबांचा प्रमुख, तो पाणी थांबवायला तयार नाही. प्रत्येकापुढे एक ओळ: याला काय हवंय, कशाची भीती आहे, कुणी गळ घातली तर तो वाकेल.

मग एक घड्याळ काढा. २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्क या खेळाने ही पद्धत घरोघरी पोचवली: कागदावर वर्तुळ, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग, वेळ गेला किंवा बिनसलं की एक भाग रंगवायचा. इथे सहा भाग करा, एक भाग वीस मिनिटांचा. दोन वाजता कोरं वर्तुळ, चार वाजता पूर्ण. दुसरा भाग भरला की बंब येऊन उभे राहिलेत. तिसऱ्याला जहाजाच्या कडेचा पत्रा तापून रंगाला फोड येतायत. पाचव्याला काही माणसं मुकाट्याने काढता पाय घ्यायला लागलीत. सहावा भरला की बाकी कुणाला काय हवं होतं याला अर्थ उरत नाही. वर्तुळ टेबलाच्या मधोमध ठेवा, सगळ्यांना दिसेल असं. लपवून ठेवलेलं घड्याळ निम्मंच काम करतं.

शेवटची गोष्ट, सेशन सुरू होण्याआधीची. प्रत्येक प्लेअरला एक नाव लिहायला सांगा: गोदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणारं आपलं माणूस. मांडवी, मस्जिद बंदर, डोंगरी, उमरखाडी, कुठलंही. मुकादमाने लिहिलं, "धाकटी बहीण, मांडवी, पाचवा महिना." आता त्याला जाऊ दे ठाण्याला. अडवू नका, त्याच्याकडून फासेही टाकून घेऊ नका. गाडी भायखळा सोडते, तुम्ही वर्तुळाचा एक भाग रंगवता. परळ, दादर, आणखी एक. कुर्ल्याच्या आसपास मुकादमाचा प्लेअर आपणहून म्हणेल, "थांब. बहीण मांडवीला आहे ना?" नाही म्हणाला तरी हरकत नाही. मग खेळ ठाण्याला होईल: आगीतून निघालेली माणसं संध्याकाळी गाड्या भरभरून येतायत, सरकारने बातमी दाबलीये, खरं काय झालंय ते कुणी धड सांगत नाही, आणि नर्सला लोक ओळखतात. तुम्ही तयार केलेली तिन्ही माणसं, घड्याळ, सोनं, सगळं तिथूनही वापरता येतं. दूर अंतरावरच्या घराच्या छपरातून त्या दिवशी सोन्याची वीट आत पडली होती, हे लक्षात ठेवा. सोन्यापर्यंत पार्टीला न्यावंच लागतं असं नाही.

क्लू दिसलाच नाही

भरकटण्याचं दुसरं मोठं कारण हे. तुम्हाला वाटतं प्लेअरनी क्लू झुगारला. त्यांना तो क्लू आहे हेच कळलेलं नसतं. जीएमच्या डोक्यात क्लूवर दिवा लागलेला असतो, टेबलावर तो वर्णनाच्या चौथ्या वाक्यात निघून गेलेला असतो, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी वडापाव उघडत असतं.

अलेक्झांडर यांचाच तीन क्लूंचा नियम इथे कामाचा. प्लेअरनी जे निष्कर्ष काढल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, त्या प्रत्येकासाठी किमान तीन क्लू ठेवा. एक ते चुकवतील, एकाचा भलताच अर्थ लावतील, तिसरा लागेल. गोदीच्या खेळात "जहाजात स्फोटकं आहेत" हे कळायलाच हवं असेल, तर: मालाची यादी कारकुनाच्या कपाटात आहे. खालच्या खणाशी विडी ओढली म्हणून एका हमालाला सकाळीच हाकललंय आणि तो कट्ट्यावर बसून शिव्या देतोय. तिसरा क्लू तांडेलासाठी: असा माल असलेल्या जहाजावर लाल बावटा हवा, पण शेजारच्या बोटीचा खलाशी कानात सांगतो की माल तोच आहे, बावटा मात्र नाही. (बावटा खरोखरच नव्हता. इतिहास कधीकधी जीएमचं काम फुकट करून देतो.) तीन क्लू तीन वेगळ्या माणसांकडे, तीन वेगळ्या ठिकाणी. एकाच खोलीत तीन क्लू ठेवले आणि पार्टी त्या खोलीत गेलीच नाही, तर तो एकच क्लू झाला.

आणि आवश्यक क्लूवर फासे टाकायला लावू नका. १९८१ मध्ये आलेल्या कॉल ऑफ क्थुलूपासून शोधाच्या खेळांचं हे जुनं दुखणं आहे: ड्रॉवर शोधण्याचा रोल फसतो आणि अख्खी गोष्ट ड्रॉवरमध्ये अडकते. नंतर आलेल्या गमशू पद्धतीने सरळ ठरवलं की योग्य कौशल्य असलेल्या माणसाने योग्य जागी बघितलं की क्लू मिळतो, प्रश्न फक्त त्याचं पुढे काय करायचं हा. तुम्ही कुठलाही खेळ खेळत असलात तरी हे उचलता येतं. रोल ठेवायचाच तर यादी मिळते की नाही यासाठी नको, यादी वाचताना साहेब आत येतो की नाही यासाठी ठेवा.

डी अँड डी खेळत असाल तर पाचव्या लेव्हलकडे लक्ष द्या

पाचव्या आवृत्तीत खुनाचं रहस्य मांडणाऱ्या जीएमचं हमखास असं होतं. चार लेव्हलपर्यंत सगळं छान. पाचव्या लेव्हलला क्लेरिक (पुजारी) आणि बार्ड (भाट) या पात्रांना तिसऱ्या पातळीचे मंत्र मिळतात, त्यात मृताशी बोलण्याचा मंत्र आहे. पहिल्याच प्रसंगात बार्ड विचारतो, "प्रेत कुठेय?" आणि पाच प्रश्नांत रहस्य खलास. याला प्लॅन मोडणं म्हणत नाहीत, प्लेअरने आपली पानं नीट वाचली म्हणतात.

मंत्र बंद करू नका, तेही आपली पानं नीट वाचून हाताळा. प्रेताला फक्त जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच ठाऊक असतं; अंधारात पाठीमागून वार झाला असेल तर त्यालाही खुनी माहीत नाही. उत्तरं त्रोटक, कोड्यासारखी असतात, आणि तुम्ही त्याला शत्रू वाटलात तर खरं बोलायला ते बांधील नाही. मंत्र चालायला तोंड शाबूत लागतं, हेही खुन्याला माहीत असू शकतं, पण ही युक्ती एकदाच वापरा. दर प्रेताचा जबडा गायब व्हायला लागला की प्लेअर ओळखतात की तुम्ही कुठे बसून हे लिहिताय. सत्य बोलायला लावणाऱ्या मंत्राचंही तसंच: त्याच्या घेऱ्यात आलेल्याला मंत्राची जाणीव असते, तो खोटं बोलू शकत नसेल पण विषय टाळू शकतो. मुंबईच्या कुठल्याही सरकारी खिडकीवर बसणाऱ्या माणसाला ही कला शिकवावी लागत नाही.

नवीन लेव्हल आली की जीएमने प्रत्येकाची कॅरेक्टर शीट (पात्राला काय काय येतं त्याचा कागद) मागून दहा मिनिटं वाचायची. उडता येतं का, अदृश्य होता येतं का, मेलेल्याशी बोलता येतं का, एवढं बघितलं तरी निम्मे धक्के टळतात.

महत्त्वाचा माणूस मारला, किंवा मित्र केला

खलनायक पहिल्याच भेटीत मेला तर तो गेला, त्याचं काम राहिलंय. त्याला जे हवं होतं ते आणखी कुणाला हवंय, एवढं वहीत आधीच एका ओळीत असू द्या. मुलगा, भागीदार, ज्याचं कर्ज होतं तो सावकार. वारस जुन्यापेक्षा बरा निघतो, कारण त्याला सूडाचं कारण पार्टीनेच दिलेलं असतं.

ज्या माणसाचा तुम्ही विचारच केलेला नाही (चहावाला!) त्याच्याशी पार्टी बोलायला गेली, तर जुन्या डी अँड डी मधला दोन फाशांचा तक्ता अजून उत्तम चालतो. सहा बाजूंचे दोन फासे टाका. दोन आले तर तो लगेच हल्ला करतो, बारा आले तर जीव लावतो, मधले आकडे म्हणजे सावध, संशयी, अनिश्चित. फासे टाकून झाले की स्वतःला विचारा: हा असा का वागला? उत्तर आलं की चहावाल्याला एक इच्छा मिळाली, आणि इच्छा मिळाली की तो परिस्थितीत बसतो. पुढच्या खेपेला तो आधीच तयार केलेला एनपीसी (जीएमने चालवायचं पात्र) वाटेल.

दर वेळी एकच जण

वरचं सगळं सांभाळलं तरी मोडत असेल आणि मोडणारा दर वेळी तोच असेल, तर हा तयारीचा प्रश्न नाही. पाकीट मारणं, राजाला शिवी देणं, आपल्याच माणसांवर सुरी उगारणं, आणि वर "माझं कॅरेक्टर असंच आहे." इथे नियमाचं पुस्तक कामाला येत नाही, वेगळं गाठून बोलावं लागतं.

पण आपल्याकडे एक अडचण आहे जी परदेशी सल्ल्यांमध्ये येत नाही. मुंबईत जीएमच्या घरी जागा असतेच असं नाही. खेळ ज्याच्या हॉलमध्ये होतो तो बऱ्याचदा प्लेअर असतो, कधी वयानेही मोठा. मुलुंडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर काका स्वतःच्या सोफ्यावर बसून वॉरलॉक (एक जादूगार पात्र) चालवतायत, आतून काकू पोहे पाठवतायत, आणि काकांनी नुकताच दूत खिडकीतून फेकून दिला. त्यांना काय सांगणार, "उद्यापासून येऊ नका"? त्यांचंच घर आहे.

इथे जे चालतं ते असं. टेबलावर चारचौघांत टोकायचं नाही. सेशन संपल्यावर खुर्च्या लावताना: "काका, तुमचा वॉरलॉक मला आवडतो, पण दूत गेल्यामुळे बाकीच्या तिघांचा धागा तुटला. पुढच्या वेळी असं काही करायचं मनात आलं तर आधी त्यांच्याकडे एकदा बघाल का?" काका बहुधा म्हणतील, "अरे मला वाटलं, कुणीच काही करत नाहीये, म्हणून मी केलं." आणि बऱ्याच वेळा ते खरं असतं. खिडकीतून दूत फेकणारा माणूस अनेकदा कंटाळलेला असतो. वीस मिनिटं दोन प्लेअर दुकानदाराशी घासाघीस करत होते आणि त्याला काही कामच नव्हतं. अशा माणसाला दर सेशनला त्याच्या कॅरेक्टरचं एक काम द्या, लवकर, पहिल्या तासात. खोड निम्मी कमी होते. उरलेली निम्मी ही त्याची खेळायची पद्धत समजून सोडून द्या.

मुद्दाम दुसऱ्याला त्रास देणारा मात्र वेगळा. त्याला सोफा कुणाचा हे बघून सवलत देऊ नका. खेळ दुसरीकडे हलवा, कॅफे बघा, ऑनलाइन घ्या.

पुढच्या वेळचं आजच विचारा

सगळ्यात स्वस्त उपाय हा, आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा. सेशनच्या शेवटी विचारा: "पुढच्या वेळी तुम्ही कुठे जाणार?" त्यांनी ठरवलं की तेवढंच तयार करा. ठरवून आलेले लोक फारसे भरकटत नाहीत, कारण ठरवलेलं त्यांचंच असतं.

मुंबईत हा प्रश्न राहून जातो, कारण सेशन संपत नाही, तुटतं. दहा वाजता कर्जतवाला उठतो, त्याच्यामागे सगळे चपला शोधायला लागतात. म्हणून शेवटची पंधरा मिनिटं आधीच कापून ठेवा आणि ती लढाईला द्यायची नाहीत. जमलंच नाही, तर त्याच रात्री ग्रुपवर पोल टाका, पर्याय प्लेअरच्या तोंडचे: चहावाला, तळघर, गाव सोडून जायचं. सोमवार सकाळपर्यंत लोकलमध्ये बसल्या बसल्या सगळे मत देतात. नंतर टाकला तर "सॉरी आत्ता बघितलं" सुरू होतं. मत कुठेही पडो, उरलेले दोन पर्याय एकेका ओळीने लिहून ठेवा. पोल म्हणजे शपथ नाही.

आणि आत्ता, भर सेशनमध्ये

वही बंद, पार्टी भलत्या गावी, डोकं रिकामं. पहिली गोष्ट, चहाचा ब्रेक घ्या. लाजायचं कारण नाही, दहा मिनिटांत भरपूर सुचतं. दुसरी, प्लेअरना विचारा, "तुम्हाला इथून काय मिळवायचंय?" ते काय करतायत हे नको, कशासाठी करतायत ते विचारा. चहावाल्यामागे लागलेली पार्टी म्हणेल, "आम्हाला वाटतंय तो सरदाराचा हेर आहे." बघा, सरदार परत आला, तोही त्यांच्याच तोंडून. चहावाल्याला हेर करा आणि पुढे चला.

तिसरा मार्ग, तयार केलेला राक्षस ते ज्या वाटेने जातील त्या वाटेवर नेऊन ठेवणं. यावर जीएम मंडळी हमरीतुमरीवर येतात. माझं मत असं: दोन्ही वाटा त्यांना सारख्याच अनोळखी असतील तर खुशाल हलवा. पण त्यांनी चौकशी करून, पैसे चारून, रात्र जागून राक्षसाची वाट टाळली असेल, तर तो राक्षस जिथे होता तिथेच राहू द्या. टाळणं हीच त्यांची त्या दिवसाची कमाई आहे, आणि ती काढून घेतली की ते तुमच्या खेळात पुन्हा विचार करायच्या भानगडीत पडणार नाहीत.

यातलं काहीच जमलं नाही तर खरं सांगून टाका. "याच्यापुढचं मी लिहिलेलं नाही. आज इथेच थांबू, नाहीतर तळघरात चला, ते तयार आहे." टेबलावरचे लोक मित्र आहेत, आणि त्यांनाही साडेदहाची गाडी आहे.